गोंद भरलेला स्क्रू

"बोटं आहेत का भाजलेल्या मिरच्या? लाव की जोर!" लेस्कोवाट्सच्या बाजारात स्तामेन्काबाई दुरुस्तीवाल्या मिलुनवर खेकसल्या. त्यांच्या लेकाच्या, नेबोयशाच्या, पोलादी व्हेपचा, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचा, स्क्रू काही केल्या हलत नव्हता.

मिलुननं सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूवर धरलं, तसा चर्रकन धूर आला. "मावशी, यात गोंद ओतलाय कुणीतरी. कुठलं गाढव ते?"

"मीच. पोराचं फुंकणं सुटावं म्हणून."

"झकास केलंत! मग आता उघडायचं कशाला?"

स्तामेन्काबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.



"उद्या त्याला जाऊन चाळीस दिवस होतील. बाकीच्या आया लेकाच्या थडग्यावर पेटती सिगारेट ठेवतात; माझ्या पोराला तिचा वाससुद्धा सोसायचा नाही रे."