बोलायचं बटण

"ताई, तुझं डबडं लाजतंय," उडत्या विमानातून बारक्या भिंतीवरच्या रेडिओवर म्हणाला. "मी तोंड उघडलं की तोंड लपवतंय."

विमानात तेल भरणारे काका शेडच्या दाराशी बसले होते, ते खो खो हसले. म्हणाले, पोरगं बोलतंच इतकं, यंत्रसुद्धा वैतागणार नाही तर काय.

ताई हसली नाही. तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि माइक उचलला. तोंड लपवतंय म्हणजे नक्की काय होतंय, असं तिनं विचारलं.

बारक्या कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावून सांगणारा. त्यानं ऐटीत सांगितलं. बटण दाबून बोलायला लागलं की पडद्यावरचं विमान गायब, नकाशा गोठतो. बोलणं थांबवलं तरी लगेच सापडत नाही, डबडं आपलं शोधत बसतं. तेवढ्यात ऑटोपायलट नाक डावीकडे घेतो आणि मग परत येतो ताळ्यावर.

डबडं म्हणजे खिशात मावेल एवढा जीपीएस. त्यानंच हट्टानं आणलेला. नुसता समोर चिकटवून काय उपयोग, ऑटोपायलटला जोड, रेडिओला पण जोड, मग मी आरामात बसतो, असं म्हणून त्यानं तिचं डोकं खाल्लं होतं. आरामात बसायला तुला मशीन कशाला लागतं, म्हणत तिनं जोडून दिला. काम एकदम झकास. एक वायर लोंबत नव्हती. जीपीएसचा अँटेना तेवढा पुढच्या काचेपर्यंत पोचेना, म्हणून तिनं तो छताला आतून चिकटवला. त्याच्या बरोबर वर, बाहेरून, रेडिओचा अँटेना उभा होता.

मग तपासलं. शेडच्या पत्र्याखाली उपग्रह सापडत नाहीत, म्हणून विमान बाहेर ढकलून जीपीएस तपासला. बाहेर ऊन भाजत होतं, म्हणून विमान आत आणून रेडिओ तपासला. दोन्ही पास. दोन्ही एकदम चालू ठेवून बोलून बघायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

आत्ता आलं.

"कुठे आहेस तू?" तिनं विचारलं, आणि विचारताक्षणीच जीभ चावली. उत्तर द्यायला तो परत बटण दाबणारच होता.

"ढगात. खिंडीत शिरलोय. सगळं पांढरंफटक आहे गं, पंखाचं टोक पण दिसत नाही. दोन्हीकडे डोंगर असतील, डबडं म्हणतंय तर." मग जरा थांबून म्हणाला, "हे बघ, परत गेलं."

रेडिओ नुसता खरखरत राहिला. काकांचं हसू विरलं. ताईनं आवाज सरळ ठेवायचं ठरवलं. तिचा आवाज कापला की बारक्या हमखास विचारणार, काय झालं.

तशी सवय तिनंच लावली होती. पहिल्यांदा एकटा उडाला तेव्हा पठ्ठ्यानं तिच्या हाकेला ओ दिली नव्हती. उतरल्यावर तिनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. त्या दिवसापासून ताईनं हाक मारली आणि ओ आली नाही असं झालं नव्हतं. हात गुंतलेले असले, बोलायला फुरसत नसली, तर तो नुसतं बटण दाबायचा. दोनदा. टक् टक्. म्हणजे ऐकलं, ताई.

तिनं माइकचं बटण दाबलं.

"बारक्या, नीट ऐक. तू बोललास की तुझाच रेडिओ जीपीएसला आंधळा करतो. ऑटोपायलट त्याच्या मागे जातो. जीपीएस परत लागू दे, खिंडीच्या मधोमध राहा आणि चढत राहा. डोंगर खाली जाईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. अजिबात बोलायचं नाही."

तिनं बटण सोडलं.

खरखर. काका उठून रेडिओजवळ आले. शेडच्या पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

टक् टक्.

काकांनी छाती भरून श्वास घेतला. "शहाणं पोरगं," ते म्हणाले. "बोलू नको म्हटलं तर बघ, न बोलता ओ दिली."

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या माइककडे, आणि हळूहळू त्यांच्याही डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे न बोलता नुसतं बटण दाबलं तरी डबडं आंधळं! मग सांग ना त्याला," ते घाईनं म्हणाले. "बटणाला हातच लावू नको म्हणून सांग. चटकन सांग."

"सांगितलं की तो ओ देईल, काका."

तिनं माइक हुकाला अडकवला, भिंतीला टेकली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले.