रंगाऱ्याची साक्ष

"...आणि गाठ सुटली," रंगारी म्हणाला आणि नेहमीच्या जागी थांबला. चर्चमध्ये सगळ्यांनी श्वास रोखला. गेले पाच महिने दर रविवारी ते हीच साक्ष ऐकत होते, तरी इथे श्वास रोखायचेच. "जोडीदारानं झुल्याच्या दोरीची गाठ कच्ची मारली होती. तिसऱ्या मजल्याची भिंत झुल्यात बसून रंगवत होतो, झुल्यासकट खाली आलो. पण प्रभूनं मला वाळूच्या ढिगावर अलगद झेललं."

"आमेन," मंडळी म्हणाली. रंगारी समाधानानं खाली बसला. मोडलेला पाय जुळला होता, उद्यापासून पुन्हा काम होतं. देवाचे उपकार फेडता येत नाहीत, निदान चारचौघांत सांगावेत तरी, असं त्याला मनापासून वाटायचं. सांगता सांगता साक्ष थोडी लांबली होती, एवढंच. पाळकसाहेब हल्ली घड्याळाकडे बघायचे.

घरी जेवायला वाढताना बायको म्हणाली, "अहो, आज तो मागच्या बाकावर होता, तुमचा जोडीदार. तुम्ही उभे राहिलात आणि तो उठून गेला."

"मी कुठे त्याचं नाव घेतो?"

"घ्यायला कशाला हवं? तुमचा जोडीदार कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाच महिने झाले, त्याला कुणी कामावर उभं करत नाही. परवा त्याची बायको माझ्याकडून पीठ घेऊन गेली. मान खाली घालून. तुम्ही इकडे देवाचे आभार मानता आणि तिकडे त्यांची चूल विझते."

रंगाऱ्याचा घास हातातच राहिला. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की पाण्याचा पेलाही उचलवेना. जेवण तसंच ठेवून तो उठला, चपला घातल्या आणि जोडीदाराच्या घराकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं चार मजली इमारतीच्या गच्चीवर हजर झाले. जोडीदाराला बघताच मुकादमाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा दोरीला हात लावणार नाही. झुला माझा माणूस बांधेल."

रंगाऱ्यानं दोरी उचलली आणि जोडीदाराच्या हातात दिली. जोडीदारानं गाठ मारली, तीनदा ओढून पाहिली आणि हळूच म्हणाला, "तूही एकदा तपासून घे."

"तू मारलीस ना? झालं तर."

"अरे, एकदा पडून अक्कल आली नाही का तुला?" मुकादम खेकसला.

"तेव्हा नाही आली, काल आली. मुकादम, वीस वर्षं रोज संध्याकाळी मी धडधाकट घरी गेलो, ते याच्या गाठींवर. त्याबद्दल देवाचे आभार मानायचे राहूनच गेले होते," रंगारी म्हणाला आणि कठड्यावरून पाय टाकून झुल्यात बसला.