धुरकट पडदा

"पडदा धुरकट दिसतोय," स्टिअरिंग सोडून हे म्हणाले, आणि मी झटकन त्यांच्या डाव्या डोळ्यात वाकून पाहिलं.

तीन महिन्यांपूर्वी यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं, पण वीस वर्षं रॅलीत गाडी पळवलेल्या माणसाला डॉक्टरांनी शर्यत बंद केली. म्हणून घरीच रेसिंग सिम्युलेटर बसवायचं ठरवून आम्ही दुकानात मॉनिटर निवडायला आलो होतो. समोर बत्तीस इंची तीन पडदे, तिन्हींवर मिळून एकच घाटरस्ता.

"नीट बघा ना!" मी ओरडलेच.

"नीटच बघतोय. पाटीवरची अक्षरं फुटतायत."

दुकानातली मुलगी हसली. "काका, बरोबर पकडलंत. हे फुल एचडी आहेत. एवढ्या मोठ्या मॉनिटरला ते कमी पडतं, जवळून ठिपके दिसतात. आता हे जास्त रेझोल्यूशनचे बघा."

शेजारच्या सीटवर बसल्याबरोबर यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला.

"डावं वळण. पुढे अरुंद पूल. वेग तीस." पाटी त्यांनी दोनदा वाचली.

मी पहिल्या मॉनिटरवरून मायेनं हात फिरवला. धुरकट पडदा त्याचाच होता.