वरून खाली

“वरून खाली तेवढं पोचवायचं, मॅडम. खालून वर काही आणायचं नाही,” आमदारांचा सहाय्यक हसत म्हणाला आणि काखेतल्या फाइलवर त्याने दोन बोटे वाजवली. खुणांच्या भाषेतल्या दुभाषी बाईच्या कंत्राटाच्या मुदतवाढीचा कागद त्याच फाइलीत होता, सहीपुरता अडलेला. आज सही झाली नाही, तर उद्यापासून तिला काम नव्हते.

ती मंचाच्या कडेला जाऊन उभी राहिली. सभागृह भरले होते, म्हणजे भरवले होते. निरनिराळ्या खात्यांतले तीनएकशे कारकून, मदतनीस, पंपचालक साहेबांचा ‘रोजगार आणि काटकसर’ हा जनसंवाद ऐकायला आले होते. पहिल्या रांगेत बहिऱ्यांच्या सरकारी कार्यशाळेतले चौदा वेतकाम करणारे बसले होते. कार्यशाळेला गेल्या महिन्यात कुलूप लागले होते. कॅमेरा मात्र अजून त्यांच्यावर खर्च करायला तयार होता.

“नव्या गोदामात चारशे नोकऱ्या!” आमदार सांगत होते. “आणि सरकारी खर्चात काटकसर. अनुत्पादक खर्चाला कात्री लावलीच पाहिजे.”

तिचे हात वीस मिनिटे इमाने इतबारे चालले होते. तिने विशेषणेसुद्धा गाळली नव्हती. ‘अनुत्पादक’ हे तिने ‘ज्यातून काही निपजत नाही असे’ म्हणून सांगितले, तेव्हा चौदाही जणांनी एकदम आमदारांच्या खुर्चीकडे पाहिले. ती वेताची होती.

मग त्यांच्यातला सर्वांत वयस्क माणूस उठला. वेताने चिरून चिरून त्याचा उजवा अंगठा वाकडा झाला होता, म्हणून खुणांच्या भाषेत त्याचे नावच ‘अंगठा’ पडले होते. तो मंचापाशी आला आणि हातांनी बोलू लागला. मागे कोणीतरी फिसकन हसले.

“काय म्हणतायत काका?” आमदारांनी विचारले. कॅमेरा वळला.

पडद्याआडून सहाय्यकाने मान हलवली. नाही. तिने फाइलीकडे पाहिले, मग अंगठ्याच्या हातांकडे. ती त्याच्या वतीने बोलू लागली.

“मी एकतीस वर्षं खुर्च्या विणल्या, साहेब. तुम्ही बसलात ती माझीच. डावा हात जरा जपून, तिथला वेत उसवलाय.”

सभागृह खळाळून हसले. आमदारांनीही हसत हसत डावे कोपर उचलून घेतले.

“गोदामात जाऊन आलो. तिथे कानाला यंत्र लावतात. हे उचल, ते ठेव, सगळं त्यातून सांगतात. मला म्हणाले, ऐकू येत नाही ना, मग घरी बसा. साहेब, तुमच्या चारशेत आम्हा चौदा जणांसाठी एक तरी नोकरी आहे का? आहे की नाही, तेवढंच सांगा. सून काही बोलत नाही हो, पण ताट पुढे आलं की माझीच मान खाली जाते. नसेल तर नसेल. दुसरीकडे हातपाय तरी हलवीन.”

आता कोणी हसले नाही. आमदार उठून उभे राहिले.

“काका, तुमचा प्रश्न माझ्या काळजाला भिडला. दिव्यांग बांधव हे आमचं दैवत आहे. यासंदर्भात सर्वंकष धोरण विचाराधीन आहे. समिती नेमण्याची शिफारस आपण तत्त्वतः स्वीकारलेली आहे. उपलब्ध निधीच्या अधीन राहून, योग्य वेळी, योग्य तो निर्णय...”

चार मिनिटे ते बोलत राहिले. तिचे हात मात्र कमरेपाशी थांबले होते. चौदा जणांचे डोळे त्या हातांवर खिळले होते. शब्द नव्हे, अर्थ पोचवायचा, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा. अर्थ हाती लागावा म्हणून ती शेवटच्या शब्दापर्यंत थांबली. आमदार खाली बसले. मग तिने उजवा तळवा एकदा, आडवा, हलवला.

नाही.

अंगठ्याने भुवया उंचावल्या. नक्की?

तिने पुन्हा तोच तळवा तसाच हलवला.

त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. महिनाभर त्याने सात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. हे त्याला मिळालेले पहिले उत्तर होते. तो दाराकडे वळला, आणि रांगेतले बाकीचे तेरा जण एकेक करून त्याच्यामागे निघाले.

“बघा,” आमदार माइकवर म्हणाले, “समाधान झालं की माणूस कसा शांतपणे घरी जातो!” टाळ्या पडल्या.

सहाय्यक मंचाच्या कडेला आला. “साहेब चार मिनिटं बोलले, मॅडम, आणि तुमची खूण एवढीशी? काय सांगितलंत त्यांना?”

“साहेब जे बोलले ते.”

सहाय्यक मूर्ख नव्हता. त्याने फाइल उघडली, एक कागद काढला, त्याची चौघडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली.

“कॅमेरा चालू आहे,” तो म्हणाला. “हात थांबवू नका.”

“आणखी कोणाला काही विचारायचं आहे?” आमदारांनी विचारले.

तिने तो प्रश्न समोरच्या चौदा रिकाम्या खुर्च्यांना खुणांनी सांगितला. त्यांच्यामागे तीनशे माणसे बसली होती. त्यांतल्या निम्म्यांच्या खात्यांवर तीच कात्री फिरायची होती. त्या सगळ्यांना ऐकू येत होते, आणि बोलताही येत होते.

एकही हात वर झाला नाही.