तिळाची बाजू

बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली घोंगडी अंथरली होती. रानभर नैवेद्याचा चरग शिंपून झाला, तशी माणसं रानातच ओळीनं जेवायला बसली.

कस्तूरीनं लेकीच्या नजरेआड फडक्यातून भाकरी काढली. कडक, पापडासारखी, एका बाजूनं तीळ थापलेली. नऊ वर्षांची मल्ली ज्वारीची कोरी भाकरी तेवढी खायची, दुसरं काही नाही. तीही आईच्या हातची. डॉक्टर स्वमग्न म्हणत. थोरली नणंद बसव्वा लाडावलेली म्हणे.

"एळ्ळ म्हणजेच तीळ. एळ्ळ अमावास्येला बिनतिळाची भाकरी शेतात येत नाही," बसव्वा म्हणाली. "हे का तुला नव्यानं सांगू?"

"कोरी आणलीच नाही, अक्का."

"मग घाल की खायला. दोन तिळांनी काय मरतंय? तिला कुठं कळतंय."

कस्तूरी रोज भाकरी लेकीपुढं धरायची. आधी एक बाजू दाखवायची, मग दुसरी, मगच मोडायची. आज तिनं एकच दाखवली. दुसरी तळहाताशी दाबून धरली. आज तीळ उतरला तर उद्या शेंगदाणा उतरेल, परवा भाताचं शीत. पोर वाळत चालली होती, आणि सगळी ओळ बघत होती.

मल्लीनं तुकडा घेतला, उलटून न बघता. आईनं दाखवली होती ना.

दोनदा चावला. मग जबडा थांबला. तोंडातलं सगळं तिनं ओटीत पडू दिलं, त्यातला एक तीळ नखावर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिली. रडली नाही.

"अगं, तीळ आहे, इंगळी नव्हे," बसव्वा हसली. ओळीतली दोघंतिघंही हसली.

कस्तूरीनं दुसरी भाकरी घेतली. नखानं खरवडून तीळ काढले, पदरानं पुसली. "बघ मल्ली, ही बाजू. आणि ही. चुकलं माझं."

मल्लीनं मान वळवली.

"बरं, नको खाऊ. पाणी तरी पी, माझ्या बाई. सकाळपासून उपाशी आहेस."

आईच्या हातचं पाणी ती डोळे मिटून प्यायची. आता तिनं पेला दोन्ही हातांत धरला आणि सावकाश काळ्या रानात ओतला. भेगांनी पाणी पिऊन टाकलं. मल्लीनं पेला उन्हाकडं तिरपा केला आणि आत बोट घालून तळ चाचपू लागली.