कमरेची माया

पँटची मागची शिवण उसवता उसवता टेलरबाईंचा हात थांबला. आत माया उरलीच नव्हती. शिवणीच्या आत नखाएवढी कड शिल्लक होती, आणि तीही सोडली असती तर पँट भर कामात नवऱ्याच्या अंगावर फाटली असती.

त्यांनी दुसरी पँट ओढली. तिचीही तीच गत.

नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं, तो चांगला बारीक होऊन कामावर परतला, तेव्हा हे युनिफॉर्म बाईंनी स्वतःच शिवले होते. गिऱ्हाइकाच्या पँटच्या शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवतात, पुढेमागे सैल करता यावी म्हणून. नवऱ्याच्या पँटला बाईंनी ती दुप्पट ठेवली. खरं सांगायचं तर ऑपरेशनवर त्यांचा भरवसाच नव्हता. तोंडाने मात्र "आता काही काळजी नाही हो" चालू होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. पूर्वी तो दोघातिघांबरोबर लिफ्टमध्ये शिरला की भोंगा वाजायचा. कंपनीत त्याचं नावच पडलं, ओव्हरलोड. तोही हसायचा. मग एकदा लिफ्टच्या छतातल्या चौकोनी दारात तो कमरेशी अडकला आणि चौघांनी त्याला खालून ओढून काढलं. तेव्हापासून हसेनासा झाला. कंपनीने त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. पथ्यं झाली, पळणं झालं, उपाशी राहणं झालं. शेवटी ऑपरेशन.

"हे फसलं ना," दवाखान्यात भरती होताना तो म्हणाला होता, "तर पुन्हा मला काही करायला सांगू नकोस. मी संपलो असं समज."

ते वाक्य बाईंच्या डोक्यात घर करून बसलं. ऑपरेशन उत्तम झालं, नवरा छतातल्या दारातून सुळकन वर जायला लागला, तरी ते काही हललं नाही.

मागच्या तपासणीनंतर एकदा तो जेवून उठला आणि त्याच्या पँटचं बटण त्यांना जरा ताणलेलं दिसलं. झालं! तो कामावर गेल्यावर बाईंनी घरात राहिलेली युनिफॉर्मची पँट उसवली, माया सोडली, वर बोटभर जास्तच सोडली. सैल लागली तर तेवढंच बरं वाटेल बिचाऱ्याला. टीप मारली, ओलं फडकं टाकून कडक इस्त्री फिरवली. जुन्या शिवणीची खूण औषधालाही राहिली नाही.

पकडलं जायची भीती नव्हती. नवरा रोज उठून वजनकाट्यावर चढतो म्हणून डॉक्टरीणबाईंनी काटा घरातून हलवायला लावला होता. आणि आरशात काय दिसतं ते त्याला कधीच खरं वाटत नसे.

एकदा केलं ते मग होतच गेलं. सकाळी पँट चढवली की नवरा कमरेत अंगठा घालून बघायचा आणि गप्प व्हायचा. याला वजनाचा संशय आला की काय, म्हणून बाई पुढच्या वेळी आणखी बोटभर सोडायच्या. पण बटण पुन्हा ताणायचंच. एक दिवस त्याच्या हत्यारांच्या पिशवीत बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. डॉक्टरांनी पोट लहान केलं, जिभेला कुठे हात लावला होता? बाईंनी पुडे गुपचूप टाकून दिले. बोलणार कशा? बोललं की तो खचणार, आणि खचला की संपला.

मागच्या तपासणीच्या वेळी दवाखान्यातल्या बाकावर एक हडकुळा माणूस भेटला होता, हेच ऑपरेशन झालेला. कपडे अंगावर नुसते लोंबत होते. नवरा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला होता. घरी आल्यावरही त्याचाच विषय. हेवा वाटतोय याला, असं तेव्हा बाईंना वाटलं आणि त्यांचा जीव तुटला.

आता उद्या पुन्हा तपासणी. पुन्हा काटा. आणि माया संपलेली. उसवलेली शिवण बाईंनी होती तशीच पुन्हा शिवून टाकली.

संध्याकाळी नवरा आला तो घुम्यासारखाच.

"उद्या जायचंय," बाई म्हणाल्या.

"माहितीये."

"पुढच्या आठवड्यात गेलो तर?"

त्याने चमकून वर पाहिलं. "का गं? मी बरा दिसत नाही का?"

"छान दिसताय! मी आपलं सहज विचारलं."

"माझ्यात काही फरक वाटतो का तुला? खरं सांग."

"छे! कुठे काय?"

मग दोघंही ताटात बघून जेवली. नवऱ्याने एकदा मागून वाढून घेतलं, नंतर पुन्हा घेतलं. बाईंनी पातेलं उचलून न्यायचं मनात आणलं, पण हात पुढे झाला नाही.

सकाळी त्यांनी मनाशी पक्कं केलं. काट्याने सांगण्याआधी आपणच सांगायचं. चिडेल, रडेल, चार दिवस अबोला धरेल. पण आपल्या तोंडून ऐकू दे.

बाई खोलीच्या दारात आल्या तर नवरा बटणाशी झटत होता. पोट आत ओढून त्याने ते कसंबसं लावलं. मग कमरेत अंगठा घालायला गेला. अंगठा शिरेना. पुन्हा प्रयत्न केला, तरी शिरेना. तो मटकन पलंगावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले.

बाई त्याच्याजवळ जाऊन बसल्या. "अहो, ऐका ना. माझंच चुकलं. मी तुम्हाला आधीच..."

त्याने हात खाली घेतले. डोळ्यांत पाणी होतं, पण तो हसत होता, अगदी पूर्वीसारखा.

"घट्ट झाली गं! बघ, बोटसुद्धा जात नाही! तुला घोर नको म्हणून बोललो नाही, पण ही पँट दर खेपेला सैल होत चालली होती. मला वाटलं ऑपरेशन उलटलं, मी झिजून झिजून मरणार. म्हणून तर तुझी नजर चुकवून दिसेल ते खात सुटलो होतो!"