चिमूटभर चूर्ण

“काका, तुम्ही साखरेसाठी जडीबुटीचं चूर्ण घेता. इथं तसं लिहिलंय,” कॉम्प्युटरकडे बघत डॉक्टर गार्गी म्हणाल्या.

“मी?” कडूबा खुर्चीतून अर्धा उठला. “गळ्याची आन! तुमचं मशीन खोटं बोलून राह्यलं.”

धाड गावच्या त्या दवाखान्यात महिन्याभरात साखरेचे बरेच पेशंट भोवळ येऊन पडले होते. गार्गींना वेगळीच शंका आली. गोळीच्या जोडीला कडू चूर्ण घेतलं की साखर नको तेवढी खाली जाते. डॉक्टरांना हे कुणी सांगत नाही, नर्सशी बोलताना मात्र तोंडून निघून जातं. म्हणून त्यांनी नर्सने कॉम्प्युटरवर केलेल्या नोंदींत ‘चूर्ण’, ‘काढा’ असे शब्द शोधले. निघालेल्या नावांत कडूबाचंही नाव होतं. तो तर मागच्या आठवड्यात विहिरीच्या काठावर कोसळला होता. हातभर पलीकडे पडला असता, तर आज या खुर्चीत नसता.

“काका, मी रागावणार नाही. फक्त खरं सांगा.”

“खरंच सांगून राह्यलो ना मॅडम! असल्या पुड्यांचा मले लय राग हाये.”

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, आशाबाईंनी, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मशीन खोटं नाही, मॅडम. अन् हेबी खोटं नाही बोलत,” त्या हळूच म्हणाल्या. “यायच्या गोळ्या न्यायले मी आली होती, तवा नर्सबाईले मीच सांगतलं. भाजीत टाकते मी, चिमूटभर. यायले म्हाइती नाही. सासऱ्याचा पाय साखरेनं गेला. मले भेव वाटे.”

गार्गींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“तुम्ही नर्सला सांगितलंत म्हणून कळलं, आशाबाई. आजपासून चूर्ण बंद, नुसती गोळी. पण चिमूटभराने एवढी चक्कर यायला नको होती.”

कडूबा बायकोकडे एकटक बघत होता. आता हा भडकणार, असं गार्गींना वाटलं. पण त्याच्या मिश्या हलल्या आणि तो हसायलाच लागला.

“म्हंजे भाजी त्याच्यानं कडू लागे? मले वाटलं, तुह्या हाताची चव गेली. तुले वाईट वाटू नये म्हून रोज दोन-दोनदा मागून खाल्ली ना वं मी!”